आधी जुनं चालू द्या!

मी पडलो कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखनाचे बग पोटात घाला. आज बोलायचंय रिग्रेशनबद्दल, म्हणजे काल नीट चालणारी गोष्ट नव्या बदलामुळे आज बिघडणे.

होस्टेलच्या मेस-हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये मी एक नवं फीचर घातलं आणि सुट्टीच्या दिवसांची वजावट गायब झाली! पार्टनर म्हणाला, "सध्या तुझा कोड काढू." मला तो अपमान वाटला. "दोन दिवसांत दुरुस्त करतो" म्हणत बसलो. तोवर बिलं निघाली आणि गावी गेलेल्या पोरांनाही पूर्ण महिन्याचे पैसे लागले.

डेबियन लिनक्स स्वयंसेवक बनवतात. फुकट राबणाऱ्याला हुकूम कसा सोडणार? म्हणून तिथे नियम बोलतात. रिलीजआधी 'फ्रीझ' लागतो: नवीन काही नको, फक्त दुरुस्त्या. गंभीर बग सुटला नाही, तर ते पॅकेज रिलीजमधून वगळता येतं. उशीरही होतो, 2002 च्या 'वुडी'नंतर 'सार्ज' यायला 2005 उजाडलं. आता मात्र साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते.

काम काढलं तर माणूस रुसेल, असं कुणी म्हणेल. पण काढणं म्हणजे फेकणं नव्हे, ते पुढच्या रिलीजला येऊ शकतंच की! शिवाय 'गिट बायसेक्ट' हजार बदलांतला दोषी बदल साधारण दहा चाचण्यांत शोधतो. माणूस नाही, बदल शोधायचा.

पैसे परत मिळाले सगळ्यांना. पण सॉरी म्हणायला मला खोलीखोलीत जावं लागलं. त्यापेक्षा कोड काढणं सोपं होतं!