बालवाङ्मयातून गाळलेले लढे

थोरांची चरित्रे मुलांच्या हाती पडतात. लढे मात्र पडत नाहीत. मराठी बालवाङ्मयाचा हा जुना दोष आहे आणि तो केवळ अनवधानाने घडलेला नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे कोणतेही बेतशीर बालचरित्र उघडावे. खडतर बालपण, परदेशची पदवी, महाडचे ओंजळभर पाणी, राज्यघटना आणि दीक्षा. एक असामान्य पुरुष कष्टाने मोठा झाला, एवढाच बोध. त्याची वाट कोणी अडवली होती व अडवणाऱ्यांचा त्यात कोणता लाभ होता, हा प्रश्न मुलाच्या मनात उमटू नये अशीच ही रचना असते.

महाडचेच पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत, असा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे कागदोपत्री खुलेही केले. परंतु 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रही प्रत्यक्ष पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर लाठ्या चालल्या आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय यावयास 1937 साल उजाडले. ठराव, त्याची पायमल्ली, संघटना, मारहाण आणि दहा वर्षांची न्यायालयीन झुंज या क्रमाने हक्क हाती येतो. हा क्रम वगळून केवळ ओंजळ दाखवली, म्हणजे लढ्याचे चित्र होते, शिक्षण होत नाही.

गोंदियाच्या मुलांना तर स्वतःच्या जिल्ह्याचाही इतिहास कोणी सांगत नाही. हा जिल्हा 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता. त्या भंडाऱ्यातून 1954 साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. मतदारसंघ द्विसदस्य होता. प्रत्येक मतदारास दोन मते होती. राखीव जागेवर बाबासाहेब, तर सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचा विजय सुकर होईल, असा हिशेब अनुयायांनी मांडला. घटनेच्या शिल्पकाराने तो मार्ग नाकारला. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. स्वतःचा पराभव पत्करून मताचे पावित्र्य राखणारा हा प्रसंग कोणत्याही पाठ्यपुस्तकास भूषण ठरावा. दलित मतदारांनी समाजवाद्यास मत दिले. सवर्णांची तितकी मते बाबासाहेबांकडे का वळली नाहीत? हा प्रश्न अवघड आहे, आणि समाजवाद्यांनाही तो अवघडच वाटत आला आहे. म्हणून समाजवाद्यांच्या प्रकाशनांनीही तो मुलांपुढे आवर्जून मांडला नाही, ही कबुली दिलीच पाहिजे.

साने गुरुजींच्या बाबतीत हेच घडले. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' घरोघरी पोचली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून 1947 साली प्राण पणास लावणारे गुरुजी मुलांच्या कपाटापर्यंत पोचले नाहीत. अश्रू चालतात, उपोषण चालत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : कोवळ्या मनांत जातीचे विष कशाला कालवायचे? परंतु ज्या मुलास पाणी वरून ओतले जाते, त्यास जात पुस्तकातून कळत नाही. 1855 साली 'ज्ञानोदया'त मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतील बालिकाच होती. जे लिहिण्यास ती लहान नव्हती, ते वाचण्यास आजची मुले लहान कशी? ज्यांना जपायचे म्हणून हा आक्षेप घेतला जातो ती मुले सुस्थित घरांतील असतात. इतरांना ते विष रोजच्या व्यवहारातच मिळते.

दुसरे उत्तर प्रकाशकांचे : अशा पुस्तकांना मागणी नाही. अर्थशास्त्रातील मागणी म्हणजे गरज नव्हे. क्रयशक्तीचे पाठबळ असलेली गरज होय. तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या किंवा भातगिरणीत पोती वाहणाऱ्या घरातील मुलाची गरज बाजारात नोंदलीच जात नाही. बाजार मार्गदर्शके छापणार, कारण पालक ती विकत घेतात. म्हणून हे काम सार्वजनिक पैशाने व चळवळीच्या बळावर व्हावयास हवे. अमेरिकेत माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची कथा 1957 साली सोळा पानी चित्रपुस्तिकेतून अवघ्या दहा सेंटांत लोकांपर्यंत गेली. तरुणांनी ती वाचून अहिंसक प्रतिकाराचे तंत्र उचलले. जॉन लुईस त्यांपैकीच एक. पुस्तिका लहान होती; तिने केलेले काम मोठे होते.

मागणी साधी आहे. महाड, पंढरपूर, 1954 ची निवडणूक आणि 2006 च्या वनाधिकार कायद्यामागचा आदिवासींचा संघर्ष यांवर सोळा-सोळा पानी सचित्र पुस्तिका निघाव्यात. मराठीत व गोंडीत. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या आश्रमशाळांत त्या विनामूल्य पोचाव्यात. 1967 च्या कायद्यान्वये अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी त्या घेणे बंधनकारक व्हावे. आणि सरकार हलेपर्यंत समाजवादी कार्यकर्त्यांनी हात बांधून बसू नये. सत्तर वर्षांपूर्वी या जिल्ह्यातील दलित मतदाराने दुसरे मत कुजवले नाही. त्या मताची फेड त्याच्या नातवंडांच्या हाती पुस्तक देऊन तरी सुरू व्हावी.