इतिहासाच्या दाराशी

मनमाड हे जंक्शन आहे आणि माणसांना अन्यत्र पोचविणे हाच जंक्शनचा धर्म. १९०० साली मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग सुरू झाला, तेव्हापासून वेरूळ-अजिंठ्याला निघालेल्या प्रवाशांच्या किती पिढ्यांनी येथे गाडी बदलली असेल याची गणती नाही. आता रूळ रुंद झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. परंतु गाडीतून उतरलेला सामान्य माणूस ऐतिहासिक स्थळाच्या वा संग्रहालयाच्या दारापर्यंत कसा पोचतो, आणि पोचल्यावर त्याची काय व्यवस्था होते, या प्रश्नाकडे आपण अद्याप गंभीरपणे पाहिलेले नाही.

मनमाडच्या परिसराला इतिहासाची वाण नाही. जवळच अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आणि जैन लेणी आहेत. १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडलाच भरली होती आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे डॉ. आंबेडकरांनी तेथेच बजावले होते. पलीकडे येवला. तात्या टोपे यांचे ते जन्मगाव, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती भूमीही तीच. येवल्याच्या मुक्तिभूमीवर दरवर्षी त्या दिवशी मोठा जनसमुदाय लोटतो. हा समुदाय मुख्यतः मोटारींनी येत नाही. तो आगगाडीने, एस.टी.ने, टेम्पोने आणि पायी येतो. वाहनतळाचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू झाला पाहिजे.

संग्रहालय किंवा स्मारक बांधायचे ठरले की आराखड्यात वाहनतळ येतो, आणि वाहनतळ म्हणजे मोटारींच्या रांगा असे गृहीत धरले जाते. थोडा हिशेब करून पाहावा. एका मोटारीला सुमारे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते. बारा मीटर लांबीची बस उभी राहते ती सुमारे अडीच मोटारींच्या जागेत. त्या अडीच मोटारींतून दहा-बारा माणसे येतात, बसमधून पन्नास विद्यार्थी. म्हणजे जागा तेवढीच, पण इतिहास पाहणारे डोळे चौपट. असे असता शाळेच्या सहलीची बस दूर रस्त्याच्या कडेला उभी राहावी, मुलांनी रहदारीतून वाट काढावी आणि दाराजवळची सावली मोटारींना मिळावी, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

वाहने दूर ठेवून माणसे जवळ नेता येतात, हे अजिंठ्याने दाखविले आहे. लेण्यांना धुराची बाधा होऊ नये म्हणून तेथे खाजगी वाहने फर्दापूरजवळ सुमारे चार किलोमीटर अलीकडेच थांबवितात आणि पुढचा प्रवास बसने होतो. चढण न झेपणाऱ्यांसाठी डोलीची सोय असते. पण त्याच फर्दापूरला दुसराही धडा मिळतो. परकीय कर्जाच्या साहाय्याने तेथे भव्य पर्यटक केंद्र उभारले गेले, लेण्यांच्या प्रतिकृतीही त्यात घडविल्या गेल्या, आणि काही वर्षांतच पाणी-विजेच्या थकबाकीपायी ते बंद पडले. इमारत बांधण्यास पैसा मिळतो, नळाला पाणी राहावे यासाठी मिळत नाही. पाण्याचे मोल मनमाडकरांना कोणी शिकवावे असे नाही. ज्या प्रसाधनगृहात पाणी नाही ते कुलूपबंद होते, आणि त्याची शिक्षा सर्वांत अधिक स्त्रियांना भोगावी लागते.

अपंगांच्या बाबतीत तर हा प्रश्न सोयीचा न राहता हक्काचा झाला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती त्यांना सुगम करणे बंधनकारक केले. नियम जून २०१७ मध्ये निघाले. जुन्या इमारतींसाठीची पाच वर्षांची मुदत त्यानंतर संपूनही गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची किमान मानके केवळ मार्गदर्शक न राहता सक्तीची असली पाहिजेत, असा निर्वाळा दिला. विशेष असे की, अपंगांच्या इतिहासाचे संग्रहालय उभारावे, अशी तरतूद याच कायद्याच्या २९ व्या कलमात आहे. ज्यांच्यासाठी संग्रहालय उभारण्याचा विचार कायदा करतो, त्यांना आहे त्या संग्रहालयांची पायरी तरी चढता येते काय?

पायरीचे गणितही कठीण नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. तीन फुटांचे जोते असेल तर छत्तीस फूट. वाहनतळात दाराजवळ, तीस मीटरांच्या आत, चाकाची खुर्ची उतरविता येईल अशी बारा फूट रुंद जागा राखावयाची. एवढ्यासाठी कोणत्याही संस्थेचे दिवाळे वाजत नाही.

जुन्या वास्तूंचे काय, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पुण्याचे केळकर संग्रहालय शुक्रवार पेठेच्या दाट वस्तीत आहे. तेथे मोठा वाहनतळ आणायचा कोठून? अंकाईच्या कड्याला उतार बांधता येणार नाही, आणि बांधूही नये. पण जेथे माणूस वर जाऊ शकत नाही तेथे वरचा इतिहास खाली आणता येतो. पायथ्याशी किल्ल्याची हाताळता येईल अशी प्रतिकृती, लेण्यांची छायाचित्रे, ब्रेलमधील माहिती ठेवता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये अंधांना स्पर्शाने शिल्पे पाहता यावीत म्हणून स्वतंत्र दालन उघडले. जे दिल्लीत साधले ते लहान प्रमाणात नाशिक जिल्ह्यात का साधू नये?

राज्य शासनाने २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला आणि २०२३ मध्ये स्त्रियांना निम्मे भाडे माफ केले. हे धोरण स्वागतार्ह होते. परंतु आजीला फुकट प्रवासाने स्मारकाच्या गावी आणावे आणि तेथे तिला टेकायला बाक, प्यायला पाणी व आधाराला कठडा मिळू नये, हा अर्धवटपणा झाला. एका खात्याने दिलेली सवलत दुसऱ्या खात्याच्या पायरीशी अडते.

म्हणून मागणी साधी आहे. नवे स्मारक वा संग्रहालय मंजूर करताना सर्वांत जवळच्या रेल्वे व बसस्थानकापासून दारापर्यंतची वाट आराखड्यातच दाखवावी. वाहनतळात पहिली जागा अपंगांच्या वाहनांना, दुसरी बसला आणि उरलेली मोटारींना द्यावी. देखभालीची तरतूद उद्घाटनापूर्वीच व्हावी. हे कोठेतरी प्रथम करून पाहायचे असेल तर मनमाड-अंकाई-येवला या पट्ट्याहून योग्य जागा कोणती? या भूमीवर दिल्या गेलेल्या हाकेचा आशयच मुळी दार सर्वांना उघडे असावे हा होता. तिच्या स्मरणार्थ उभारलेल्या दाराशी कोणी पायरीपायी थांबून राहू नये.