माध्यमाच्या गरजेची सबब
प्रतियुटोपियन कादंबरीचा शेवट चित्रपटात पालटला, की आपले समीक्षक ‘माध्यमाची गरज’ ही सबब तत्परतेने पुढे करतात. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’पुढे (१९४५) ती टिकत नाही. मूळ संहितेच्या अखेरीस डुकरे आणि शेजारचे शेतमालक एकाच मेजाभोवती बसतात; खिडकीतून पाहणाऱ्या जनावरांना दोघांचे चेहरे वेगळे ओळखता येत नाहीत. ही सरमिसळ तर अ‍ॅनिमेशनला सर्वांत सोपी! तरीही हलास-बॅचलर यांच्या १९५४च्या चित्रपटात मेजावरून माणसे गायब होतात आणि जनावरे बंड करून नेपोलियनला उलथवतात. निर्मितीमागे सीआयएचा पैसा होता. हुकूमशहा आणि मालक यांतील साम्य त्या आश्रयदात्याला परवडणारे नव्हते. रूपांतराची चर्चा करताना आपण चिन्हव्यवस्था तपासतो. पैसा देणारा हात मात्र ‘संहिताबाह्य’ कसा ठरतो?