पत्रिका जुळवा, मग ट्रिगर दाबा!

नवीकोरी वन-टेन्थ स्केलची रिमोट रेस कार घरी आली. बोनसचा बऱ्यापैकी फडशा पडला. आता पुढचा फंडा ठरलेला. एखाद्या चॅम्पियनची सेटअप शीट मिळवायची, स्प्रिंग, शॉक ऑइल, कॅम्बर सगळं तसंच्या तसं लावायचं आणि रविवारी सकाळी विक्रोळीत, कन्नमवार नगरच्या एखाद्या मोकळ्या आवारात गाडी सोडायची. दुसऱ्याच वळणावर ती भोवऱ्यासारखी गरगरते. मग मोटार बदला, टायर बदला, खर्च वाढवा!

बॉस, खिशाला हात घालण्याआधी थांबा. गाडी चांगलीच आहे, तुम्हीही चांगलेच आहात. फक्त दोघांची पत्रिका जुळलेली नाही.

हे मोठ्या गाड्यांनाही चुकलेलं नाही. १९९५ मध्ये मायकेल शूमाकर बेनेटनच्या गाडीतून वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याला नाक तिखट आणि शेपूट सैल असलेली गाडी आवडायची. तो फेरारीत गेला आणि टेस्टिंगमध्ये तीच गाडी सांभाळताना गेरहार्ड बर्गरच्या नाकी नऊ आले. बर्गर काही शिकाऊ नव्हता! रिमोट कारच्या दुनियेतला बादशहा म्हणजे जपानचा मासामी हिरोसाका. तब्बल १४ जागतिक विजेतेपदं. त्याचा सेटअप त्याच्या बोटांसाठी होता, तुमच्या नाही.

तेव्हा आधी स्वतःला ओळखा.

तुम्ही झटकेबाज? म्हणजे ब्रेक उशिरा, स्टिअरिंगचं चाक एका फटक्यात पूर्ण फिरवायचं, ट्रिगर एकतर शून्य नाहीतर फुल. तुम्हाला शांत गाडी हवी. मागच्या चाकांना टो-इन थोडी वाढवा, म्हणजे चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली ठेवा. मागचे स्प्रिंग जरा मऊ करा. साधारणपणे ज्या बाजूचे स्प्रिंग मऊ, त्या बाजूची पकड जास्त. रिमोटवर एक्स्पो असेल तर स्टिअरिंगचा मधला भाग नरम करा. त्याला पैसाही लागत नाही.

तुम्ही लोणीबाज? चाक अलगद फिरवणारे, वळणाच्या आधीच वेग कमी करणारे. तुम्हाला शांत गाडी सुस्त वाटेल, नाक वळता वळत नाही असं होईल. पुढचे स्प्रिंग मऊ करा, मागची टो-इन थोडी कमी करा. गाडी चपळ होईल आणि तुमचा हात ती चपळाई पेलेल.

अर्थात, जमिनीचंही ऐकायला हवं. टुरिंग कार गुळगुळीत ट्रॅकवर जमिनीपासून जेमतेम ५ मिलिमीटर उंच ठेवतात. आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकवर आणि खडबडीत सिमेंटवर तिचं पोट घासणारच. उंची वाढवा, टायर पुसा, धूळ झाडा. स्प्रिंगचा नंबर त्यानंतर.

आणि एक सोनेरी नियम: एका वेळी एकच बदल. वहीत लिहा, चार-पाच मिनिटं चालवा, पटलं नाही तर मागे या. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं, ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

आता हिशेब बघा. इलेक्ट्रिक टुरिंगची शर्यत ५ मिनिटांची. एक फेरी २० सेकंदांची धरली तर १५ फेऱ्या. तिखट सेटअपने प्रत्येक फेरीत ०.२ सेकंद वाचले तर एकूण कमाई ३ सेकंद. एकदा गाडी उलटली आणि कुणी धावत जाऊन ती सरळ करेपर्यंत ५ सेकंद गेले, की कमाई गुल, वर उधारी!

म्हणून एका भन्नाट फेरीच्या मागे लागू नका. पंधराव्या फेरीतही तुमचं ऐकते, तीच तुमची गाडी.