शाळेचे वार्षिक

दुसरे सत्र सुरू होऊन स्नेहसंमेलनाची धामधूम ओसरली, की पुष्कळ शाळांतून वार्षिकाच्या तयारीला प्रारंभ होतो. संपादक मंडळात कोणाकोणाची निवड झाली, मुखपृष्ठ कोण काढणार, छायाचित्रे कोण घेणार, यांविषयी वर्गावर्गांतून चर्चा रंगते. ज्यांची निवड होते ते मानाने वावरतात. ज्यांची होत नाही ते काही दिवस हिरमुसतात. हा उत्साह स्वाभाविक आहे, आणि तो असावाही. परंतु या उत्साहाच्या भरात एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. वार्षिकाचे काम हा मान आहे, की जबाबदारी? माझ्या मते ती प्रथम जबाबदारी आहे. मान मिळायचा तो ती नीट पार पाडल्यावर. वर्गातील दोन-चार मुलांच्या हाती लेखणी येते, ती उरलेल्या सर्वांच्या वतीने. हे ज्याला उमगले, त्यालाच संपादक म्हणवून घेण्याचा अधिकार आहे.

मुलांनी आपल्या शाळेचे नियतकालिक काढावे, ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. छपाईचा खर्च ज्या शाळांना पेलत नसे, त्या शाळांतील मुले सुवाच्य अक्षरांत ‘हस्तलिखित’ तयार करीत. समासांत वेलबुट्टी काढीत, रंगीत चित्रे चिकटवीत, आणि त्याची एकुलती एक प्रत हातोहात सर्व वर्गांतून फिरे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात राहणाऱ्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही सुरू केले. एका छात्रालयापुरते वाचक आणि हाताने लिहिलेले अंक. तरीही एवढा मोठा माणूस त्यासाठी रोज वेळ देई. लेखनाचे मोल प्रतींच्या संख्येवर ठरत नाही, हे यावरून दिसून येते. आजही देशातील केंद्रीय विद्यालयांतून ‘विद्यालय पत्रिका’ निघते, आणि अमेरिकेतील अनेक शाळांत तर वार्षिक तयार करणे हा अभ्यासक्रमातील एक स्वतंत्र विषयच असतो. त्यासाठी तास असतात, कामाची वाटणी असते आणि परीक्षेप्रमाणे गुणही दिले जातात.

एवढे महत्त्व या कामाला का द्यावे? मुंबईच्या उपनगरांतील पवईचे उदाहरण घेऊ, म्हणजे ते ध्यानात येईल. मुंबईला पाण्याची टंचाई भासू लागली, म्हणून १८९१ च्या सुमारास पवईचा तलाव बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. आज ते पिण्याखेरीज अन्य कामांसाठी वापरले जाते, आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीला मिळते. पुढे १९५८ साली भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे वर्ग वरळीला सुरू झाले, आणि १० मार्च १९५९ या दिवशी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पवईला तिच्या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. त्यानंतरच्या काळात, जेथे डोंगर फोडून दगड काढला जात होता, त्या उतारांवर उंच उंच इमारती उभ्या राहिल्या.

या सर्व गोष्टी कोणत्या ना कोणत्या दप्तरात नमूद आहेत. परंतु या बदलत्या वर्षांत तेथील मुले कोणत्या वाटेने शाळेत जात होती? मधल्या सुटीत कोणते खेळ खेळत होती? तलावाच्या काठी त्यांनी कोणते पक्षी पाहिले? नवी इमारत उभी राहिली तेव्हा त्यांच्या खेळाची कोणती जागा गेली? यांपैकी कशाचीही नोंद कोणत्याही कचेरीत सापडणार नाही. धरणाच्या भिंतीची लांबी अभियंता लिहून ठेवतो, आणि जमिनीचा भाव व्यापारी लिहून ठेवतो. मुलांचे वर्ष मात्र मुलांनीच लिहून ठेवले पाहिजे. ते त्यांनी लिहिले नाही, तर ते कायमचे पुसले जाते. शाळेचे वार्षिक हे त्या वर्षाचे एकमेव दप्तर असते, आणि म्हणूनच ते तयार करणाऱ्यांवर काही कर्तव्ये येऊन पडतात.

त्यांतील पहिले आणि सर्वांत मोठे कर्तव्य म्हणजे कोणालाही न वगळणे. पुष्कळ वार्षिके चाळून पाहिली, तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. वक्तृत्वात पहिला आलेला मुलगा चार ठिकाणी दिसतो, नाटकात काम केलेली मुलगी तीन ठिकाणी दिसते, आणि वर्गातील निम्म्याहून अधिक मुले एकाही पानावर सापडत नाहीत. वर्षभर ती त्याच बाकांवर बसली, त्यांनीही फळा पुसला, कवायतीला उन्हात उभी राहिली. पण त्यांच्या असण्याची खूण कोठेच उमटली नाही. पवईसारख्या वस्तीत तर बांधकामाच्या निमित्ताने दूरदूरच्या गावांहून मजुरांची कुटुंबे येतात आणि काम संपले की निघून जातात. त्यांची मुले चार-सहा महिने शाळेत बसतात, आणि वर्ष संपण्यापूर्वीच पटावरून त्यांचे नाव कमी होते. अशा मुलाचे नाव वार्षिकातील वर्गाच्या यादीत असावे की नसावे? मला वाटते, ते अवश्य असावे. पटाचा हिशेब वर्षअखेरीचा असतो; वार्षिकाचा हिशेब संपूर्ण वर्षाचा असतो. शाळेची घंटा वाजविणारा शिपाई आणि अंगण झाडणाऱ्या बाई यांनाही हाच न्याय लागू आहे. त्यांच्यावाचून शाळेचा एक दिवसही चालत नाही. मग वर्षाच्या पुस्तकातून ते का गळावेत?

दुसरे कर्तव्य सत्याचे. सत्य म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी न लिहिणे, हेही सत्यच होय. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत प्रलयंकारी पाऊस झाला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आता एखाद्या विद्यार्थ्याने त्या दिवसावर लेख लिहिताना ‘पवईला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला’ असे लिहिले, तर ते वाक्य वरवर बरोबर वाटेल, पण ते खरे ठरणार नाही. कारण ते मोजमाप सांताक्रूझचे आहे. त्यापेक्षा त्याने घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, त्या रात्री कोण कोठे अडकले होते आणि घरी कसे परतले हे समजून घ्यावे, आणि सांगणाऱ्याच्या नावासह ते लिहावे. तो लेख आकाराने लहान असला, तरी मोलाने मोठा ठरेल. नावांच्या बाबतीत तर याहूनही अधिक दक्षता हवी. आडनावातील एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पण ज्याचे ते नाव आहे, त्याला आपला कोणी विचारच केला नाही असे वाटते. म्हणून छापण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव त्याचे त्याला दाखवून घ्यावे.

तिसरे कर्तव्य सहृदयतेचे. स्नेहसंमेलनात ‘फिशपॉन्ड’चा कार्यक्रम होतो. त्यात एकमेकांना गमतीची विशेषणे दिली जातात, टाळ्या पडतात, हशा पिकतो. मंचावरून बोललेला विनोद हवेत विरून जातो. छापलेला विनोद मात्र कागदावर घर करून राहतो. कोणाच्या रंगावरून, बोलण्यातील अडखळण्यावरून किंवा वडिलांच्या धंद्यावरून केलेली थट्टा वार्षिकात आली, तर ज्याची थट्टा झाली तो ते पुस्तक पुन्हा कधी उघडीलही, परंतु आनंदाने उघडणार नाही. ज्याच्यावर विनोद केला आहे, त्याला तो आधी वाचून दाखवावा. तो मोकळेपणाने हसला तरच छापावा. छायाचित्रांनाही हाच नियम लावावा.

चौथे कर्तव्य स्वावलंबनाचे. वडिलांनी लिहून दिलेली कविता, जुन्या मासिकातून उतरवून घेतलेला निबंध, किंवा अलीकडे संगणकाला सांगून क्षणार्धात तयार करून घेतलेला लेख, यांनी पाने भरतील. पण त्यांत शाळा कोठेही दिसणार नाही. तलावावरचा संध्याकाळचा वारा संगणकाला लागलेला नसतो. मोडक्यातोडक्या चार ओळी असोत, पण त्या पाहिलेल्या आणि अनुभवलेल्या असाव्यात. शिक्षकांनीही येथे आवर घालून घेतला पाहिजे. शुद्धलेखन तपासावे, चुकीची माहिती दाखवून द्यावी. परंतु मुलाचे वाक्य पुसून तेथे आपले वाक्य बसवू नये.

पाचवे कर्तव्य वेळेचे. छापखान्यात मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पाने एकदम छापतात. त्या गटाला ‘फर्मा’ म्हणतात. एका पानाचा मजकूर आला नाही, तर संपूर्ण फर्मा अडून राहतो. ज्या मुलाने ‘उद्या देतो, परवा देतो’ असे म्हटले, त्याने आपल्या एका पानाबरोबर इतरांची पंधरा पानेही थांबविली. सामुदायिक कामात आळस हा एकट्याचा दोष राहत नाही, हा धडा या कामाइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे शिकायला मिळतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. काही पालक म्हणतात, की यात अभ्यासाचा वेळ वाया जातो. परंतु पाहिलेले नेमके लिहिणे, ऐकलेले पडताळून पाहणे, दुसऱ्याचे लेखन वाचून त्यातील दोष सौजन्याने सांगणे आणि स्वतःचे दोष कोणी सांगितले तर रागावता ते सुधारणे, हा भाषेचा अभ्यास नव्हे तर काय? दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. प्रत्येक घरात भ्रमणध्वनी आहे, त्यात हजारो छायाचित्रे साठलेली आहेत; मग वार्षिक हवे कशाला? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. परंतु हजार छायाचित्रांत कोण कोण आहेत हे कोठे लिहिलेले नसते. यंत्र बिघडले की ती नाहीशी होतात, आणि ज्याच्याजवळ यंत्रच नाही त्याच्यापाशी ती कधीच नसतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि पुढे कित्येक महिने मुले पडद्यासमोर बसून शिकली. त्या पडद्यावर दिसणाऱ्या चौकटींची छायाचित्रे पुष्कळांनी जपून ठेवली असतील. पण ज्या मुलांच्या घरी यंत्र नव्हते, त्यांची चौकटच तेथे नव्हती. केवळ त्या छायाचित्रांवरून वर्गाचा इतिहास लिहिला, तर ती मुले त्या वर्षी शाळेत नव्हतीच असे म्हणावे लागेल. यंत्र समोर असलेले तेवढे टिपते. समोर नसलेल्याची आठवण ठेवण्यास माणूसच लागतो.

अर्थात, ही सारी अपेक्षा संपादक मंडळातील पाच-दहा मुलांकडूनच करणे योग्य होणार नाही. मंडळाबाहेरील विद्यार्थ्यांचेही काही कर्तव्य आहे. मजकूर मागितला असता टाळाटाळ करायची, आणि अंक हाती आला की आपले नाव कोठे आहे तेवढे पाहून तो बाजूला ठेवायचा, ही वृत्ती बरी नव्हे. ज्याला लिहिता येत नाही त्याने आठवण सांगावी, ज्याला चित्र काढता येते त्याने चित्र द्यावे, ज्याचे अक्षर चांगले त्याने नक्कल करून द्यावी, आणि ज्याची नजर बारीक त्याने मुद्रिते तपासावीत. संपादकानेही नकार देताना कारण सांगावे, आणि नाकारलेला लेख लेखकाला सन्मानाने परत करावा. शाळा लहान असो वा मोठी, वार्षिक गुळगुळीत कागदावर छापलेले असो वा हाताने लिहिलेले असो, ही कर्तव्ये बदलत नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, पुढे मोठेपणी तुमच्यापैकी कोणी वृत्तपत्रात लिहील, कोणी कचेरीत नोंदी ठेवील, कोणी गावाच्या सभेचा वृत्तांत तयार करील. तेथेही तुमच्या लेखणीने कोणाचे तरी नाव राहील आणि कोणाचे तरी गळेल. कोणाचेही नाव निष्काळजीपणाने गळू न देण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे. यंदा तुमच्या शाळेत वार्षिकाचे काम निघाले, तर प्रथम वर्गाचा पट हाती घ्या, आणि अखेरच्या नावापासून सुरुवात करा. पहिल्या बाकावरील मुले कोणाच्याही लक्षात राहतात. शेवटच्या बाकावरील मुलाला पुस्तकात आणणे, हेच संपादकाचे खरे काम होय.