फुकट सल्ल्याचा खर्च कोण देणार?

समाजातल्या एखाद्या मुलाला वा मुलीला वकिलीची सनद मिळाली की आपल्याला आनंद होतो. वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ दिले जाते, दोन शब्द कौतुकाचे बोलले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून कागद यायला सुरुवात होते. कुणाच्या भाडेकरूची नोटीस, कुणाच्या घराचे नामांतरण अडलेले, कुणाचा चेक परत आलेला, कुणाच्या वडिलांची एफडी. "जरा पाहून दे रे, घरचाच आहेस," असे म्हणून कागद हातात दिला जातो. फी विचारायची पद्धत नाही आणि सांगायची त्या मुलाची हिंमत नाही. याला आपण समाजसेवा म्हणतो. सेवा आहेच, पण तिचा खर्च कुणाच्या खात्यातून जातो हे समाजबांधवांनी एकदा पाहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी एक खुलासा. वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करू नये असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. म्हणून कोणाही तरुण वकिलाचे नाव वा फोटो आम्ही येथे देत नाही. प्रश्न एकाचा नाही, सर्वांचा आहे.

बारावीनंतर पाच वर्षांचा, किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. नंतर सनद. अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ प्रमाणे सनदेची फी सर्वसाधारण वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांत १५,००० ते ४२,००० रुपये घेतले जात होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जादा वसुली बेकायदा ठरवली. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा आहेच. मग एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखाली पेशीच्या तारखा लिहून घेणे, फाइली सांभाळणे, नकला काढणे. या काळात ज्युनियरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावे, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात सुचवले. सुचवले आहे, बंधनकारक केलेले नाही. म्हणजे ज्याच्याकडून आपण मोफत सल्ला घेतो, त्याचे स्वतःचे घर बहुधा अजून आई-वडिलांच्या पगारावर किंवा पेन्शनवर चाललेले असते.

आपल्या मालव्यातच जन्मलेल्या एका बॅरिस्टरचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. महूला १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. परदेशच्या मोठ्या पदव्या हाती असूनही सनदेच्या फीसाठी पैसे नव्हते. ते ५०० रुपये त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी दिले. अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर मंडळी त्यांना कामे देत नसत. तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घरखर्चाला हातभार लावला. बी. कॉम. झालेल्या मंडळींना या विषयाची ओळख सांगायला नको! परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय होते. तेथे गरीब माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येत. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे, जवळकर आणि बागडे यांच्या बाजूने ते पुण्यात उभे राहिले आणि खालच्या कोर्टाची शिक्षा त्यांनी अपिलात रद्द करून घेतली. महाडच्या चवदार तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. एका तळ्याच्या पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे कोर्ट लढवावे लागले.

त्यांचा त्याग मोठाच होता, पण आम्हाला त्यामागचा हिशेबही दिसतो. मित्राचे ५०० रुपये आणि शिकवणीचा पगार नसता तर दामोदर हॉलचे दार किती दिवस उघडे राहिले असते? बार कौन्सिलचा नियमही हेच सांगतो. गरजूला मोफत मदत करणे हे वकिलाचे श्रेष्ठ कर्तव्य आहे, मात्र स्वतःच्या आर्थिक मर्यादेत. ही मर्यादा रुंद करणे समाजाच्या हाती आहे.

आता कुणी म्हणेल, सरकारी मदत आहे ना? आहे. विधिक सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. म्हणजे भैरवगढच्या जेलमधील कैद्याला जसा हक्क आहे तसाच फ्रीगंजमधील एखाद्या विधवा काकूंनाही आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. पण हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

तरुण वकिलाची खरी गरज इथेच आहे. बहुतेक माणसांचे नुकसान कोर्टात जाण्याआधीच, तारीख हुकल्याने होते. चेक परत गेल्यावर ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. ज्याला ती मिळाली त्याला पैसे भरण्यास १५ दिवस असतात. सरफेसी कायद्याची पहिली नोटीस ६० दिवसांची. पुढे बँकेने ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. कर्जाला जामीन राहिलेले गृहस्थ ती नोटीस देवघरात ठेवतात आणि जाग येते तेव्हा मुदत संपलेली असते. नॉमिनी म्हणजे मालक, या समजुतीने भावाभावांत वैर झालेली घरे आपल्या परिचयाची आहेत. हे सारे अर्ध्या तासाच्या सल्ल्याने टळण्यासारखे आहे.

मात्र फुकट म्हणून कच्चे काम चालणार नाही. खंडव्याच्या एका खटल्यात १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीसाठी सरकारी खर्चाने वकील नेमला गेला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. पंधरवड्यात फाशीची शिक्षा! सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती रद्द केली. असा वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीस वेळ मिळावा, असे सांगितले. फेरसुनावणीत पुन्हा फाशी झाली आणि अखेर २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षे गेली. म्हणून नव्या वकिलाकडे कागद, नोटिसा, अर्ज असू द्यावेत. गंभीर खटले ज्येष्ठांनीच घ्यावेत.

आमची सूचना साधी आहे. समाजाच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ विधी-सल्ला केंद्र चालवावे. दोन तरुण वकील आणि त्यांच्यावर एक ज्येष्ठ. दार सर्व जातींना, सर्व भाषिकांना खुले. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाशी संपर्क ठेवावा. केंद्रात आलेल्या माणसाकडून त्याच कामाची खाजगी फी घेऊ नये. शंभर कुटुंबांनी दरमहा १०० रुपये दिले तर वर्षाला १,२०,००० रुपये जमतात. दोघांना दरमहा ४,००० प्रमाणे ९६,००० जातात. उरलेल्या २४,००० मध्ये पुस्तके, टपाल आणि झेरॉक्स. जमाखर्च दर तिमाहीला या पत्रिकेत छापावा.

निवडणुकीच्या वेळी उमेदवार समाजाच्या सभागृहात येतात, हार स्वीकारतात, मराठीत चार वाक्ये बोलतात आणि जातात. पुढच्या वेळी त्यांना एवढेच विचारावे: नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे नियमित मानधन मिळावे म्हणून तुम्ही सभागृहात काय मांडाल? उत्तर लिहून घ्यावे आणि पाच वर्षांनी त्यांच्यापुढे ठेवावे.

वकील होण्याची ऐपत फक्त वकिलांच्या आणि पैसेवाल्यांच्या मुलांचीच उरली, तर उद्या गरिबाच्या बाजूने उभे राहणारा वकील येणार कुठून? सत्कार जरूर करा. शाल द्या, श्रीफळ द्या. पण त्या ताटात सल्ल्याचे मानधनही ठेवा.