रकाना मातृभाषेचा

सहावीच्या प्रवेशाचे दिवस आले की इंदुरातील मराठी घरांत चर्चा चालते ती शाळा कोणती, माध्यम कोणते आणि शुल्क किती याची. प्रवेश-अर्जातील मातृभाषेचा रकाना मात्र कोणीतरी घाईने भरून टाकतो, आणि पुष्कळदा तेथे ‘हिंदी’ असे लिहिले जाते. मुलगा शाळेत हिंदी बोलतो, शेजारी हिंदी बोलतात. मग बिघडले कोठे, असे पालकांस वाटते.

बिघडते ते असे. १९४९ साली शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले की, शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले अन्य मातृभाषेची असल्यास त्यांना प्राथमिक शिक्षण त्या भाषेतून देण्यासाठी निदान एक शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले आणि या सोयीस घटनेचा आधार मिळाला. परंतु ते कलम प्राथमिक शिक्षणापुरतेच. मध्यप्रदेशात पाचवी संपून माध्यमिक शाळा सुरू झाली की त्याचे छत्र संपते. पुढे मराठी हवी तर एक विषय म्हणून. आणि तिसऱ्या भाषेची ती जागा बहुधा संस्कृतकडे गेलेली असते. शिक्षक मागावयाचा तर आधी मुले दाखवावी लागतात, आणि आपली मुले तर कागदावर हिंदीभाषिक झालेली!

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर येथील आपल्या घरांतून सरकारी शाळेत जाणारे मूल आता विरळाच. तेथील पटावर मराठी मुले असलीच तर ती बऱ्हाणपूर-खानदेशाकडून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची असण्याचा संभव अधिक. आपल्या मंडळांच्या वर्गणीदारांत त्या कुटुंबांची नावे सहसा आढळत नाहीत. मराठीच्या ऱ्हासाबद्दल हळहळणाऱ्या आपणांस ही मुले आपली वाटतात काय?

यू-डायसच्या नोंदणीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते व तीत मातृभाषाही असते. जनगणनेची व्याख्या तर अगदी सोपी आहे: लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली, ती मातृभाषा. शाळेचे माध्यम कोणते, याचा तिच्याशी संबंध नाही. एवढे त्या आयांना त्यांच्याच बोलीत समजावयास प्रवेशाच्या दिवशी मंडळाची दोन माणसे शाळेच्या ओसरीवर बसली तरी पुष्कळ झाले.